कडूआक्काच्या दुखण्याची वाटणी

कडूआक्काला दोन मुलगे आणि दोघांच्या मध्ये एक भिंत. भिंत वाटणीनंतर घातली. आमचं घर तिच्या घराला लागूनच, त्यामुळे ती भिंत चढताना मी रोज बघत होते आणि गवंड्याला चहाही मीच देत होते, कारण त्याला चहा कुणी पाजायचा हे दोघा भावांचं ठरेना.

आक्का म्हणजे पुणतांब्याच्या नदीकाठची जुनी पेरूवाली. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईबापाने हिचं नाव कडू ठेवलं. “देवानं चाखून बघितलं आन् थुकून दिलं,” असं ती स्वतःच सांगायची आणि स्वतःच हसायची. नवरा गेल्यावर बाग तिनेच राखली. पोपटांचा थवा उतरला की बांधावर उभी राहून ती अशी आरोळी ठोकायची की गोदावरीच्या पलीकडची माणसंसुद्धा काम थांबवून वळून बघत. मी अंगणवाडीत शिकवायला होते तेव्हा तिच्या आरोळीने माझी निजलेली पोरं उठायची. मी भांडायला जायचे आणि ओटीत पेरू घेऊन परत यायचे.

पन्नाशी गाठायच्या आधीच तिला सांध्यांनी धरलं. सकाळी उठली की मुठी उघडत नसत. ओट्यावर ऊन यायचं, ती दोन्ही हात उन्हात धरून बसायची आणि मग एकेक बोट मोकळं व्हायचं. राहात्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा वयाचा संधिवात नव्हे, हा आमवात आहे, रक्तातला आहे, औषध जन्मभर चालणार. बोटं हळूहळू करंगळीच्या बाजूला कलली. पण आरोळी शाबूत होती, त्यामुळे आक्का आजारी आहे असं आम्हाला कुणाला खरं वाटलंच नाही.

मग वाटणी झाली. वाटणीला आक्काचा भाऊ कानिफनाथमामा राहात्याहून आला. या मामाचा पंचक्रोशीत मोठा लौकिक. वाटून देता येणार नाही अशी वस्तू त्याला अजून भेटलेली नाही. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या त्याने लावून दिल्या, बैलजोडीतला एकेक बैल दिला, आणि भिंतीवरच्या घड्याळापाशी आल्यावर घड्याळ थोरल्या गोरक्षनाथला आणि भिंत धाकट्या कल्याणला दिली. ते घड्याळ आजही गोरक्षच्या पेटीत पडून आहे आणि कल्याणच्या भिंतीवर नुसता खिळा आहे. दोघांनाही न्याय मिळाला, असं मामा म्हणतो.

शेवटी आई राहिली. तिची मधली खोली सामाईक ठेवली आणि जेवण पंधरवड्याच्या पाळीने ठरलं. पण दुखण्याला पाळी कळेना. सांधे सुजायचे ते नेमके गोरक्षच्या पंधरवड्यात. तो म्हणायला लागला, “दर बारीला माझ्याच पाळीत कसं काय उठतं हे?” कल्याण म्हणाला, “तुझ्या घरच्या आंबट कढीनं उठतं.” मग मामा पुन्हा आला, चहा प्याला, मिशीवरून हात फिरवला आणि निकाल दिला: आईचे सांधे थोरल्याचे, बाकीचं अंग धाकट्याचं.

हे मी कानांनी ऐकलं आहे. त्या बैठकीत एकही माणूस हसला नाही. उलट, “बराबर हाय” असंच सगळे म्हणाले. गोरक्षला वाटलं आपल्या गळ्यात खडकाळ तुकडा मारला. कल्याण मात्र खुशीत होता. आईचं बाकीचं अंग म्हणजे काळीभोर जमीन, ताप नाही, साखर नाही, दाब नाही. आणि आक्का? ती म्हणाली, “दोगं एकमेकांशी बोलत राहत्याल तर माझं हाड न् हाड वाटून घ्या.”

यात पोरं वाईट होती असं कुणी समजू नये. वाईट असती तर मला राग काढायला बरं झालं असतं. गोरक्ष पहाटे उठून आईचे पाय कोमट पाण्यात धरून बसायचा, गुडघ्यांना तेल लावायचा, गोळी तळहातावर ठेवायचा. एक दिवस चुकला नाही. कल्याणने तिला दूध, अंडी, चष्मा, दाताची कवळी, सगळं आणलं. पण कल्याणसमोर तिची चप्पल निसटली तर तो पायात घालून देत नसे. “दादाचं हाय ते,” म्हणायचा आणि भिंतीवरून हाक मारायचा. हाकसुद्धा दादाला नाही, भिंतीला. “कुनाला तरी सांगा, चप्पल निघाली.”

मग खोकला आला.

कोरडा खोकला. कफ नाही, ताप नाही, नुसती खोकखोक. कल्याण म्हणाला, कांद्याच्या चाळीतल्या धुळीचा आहे. मग म्हणाला मशेरीचा आहे, आणि तिची मशेरीची डबी नदीत टाकून आला. खोकला तसाच. मध झाला, अडुळसा झाला, पेरूची पानं उकळून झाली. बागेत जाता जाता आक्का मध्ये दोनदा टेकायला लागली. एकदा पोपट उतरले, ही बांधावर उभी राहिली, तोंड उघडलं आणि आरोळीच्या जागी खोकला आला. पोपटांनी खाली बघितलं आणि पुन्हा पेरूला लागले. मला वाटलं वय झालं. आपल्याकडे बाई दमली की वय होतं, दुसरं काही होत नाही.

इथून पुढे जे झालं ते मी कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, मुक्ताबाई, तुम्ही वाढवून सांगता. मी काहीही वाढवलेलं नाही.

सांध्यांच्या तपासणीला गोरक्ष तिला राहात्याला घेऊन गेला. मी सोबतीला होते. आक्का डॉक्टरांच्या पुढे बसून खोकत होती. डॉक्टर म्हणाले, “हा खोकला कधीपासून आहे?”

गोरक्ष म्हणाला, “तो माझ्याकडं न्हाई.”

“म्हणजे?”

“खोकला धाकट्याकडं हाय. तुमी गुडघ्याचं बघा.”

डॉक्टरांना वाटलं धाकट्या भावालाही खोकला आहे. त्यांनी त्याला तपासून घ्यायला सांगितलं आणि आक्काच्या गुडघ्याचं बघितलं. मी तोंड उघडणार तोच आक्काने पायाने माझा पाय दाबला. आणि पदराचा बोळा तोंडात धरून ती उरलेला वेळ गप्प बसली.

कल्याण तिला दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यांनी विचारलं, “बोटं अशी का झाली? काही औषध चालू आहे का?” कल्याण म्हणाला, “ते थोरल्याचं खातं हाय, आपल्याला त्यातलं काय म्हाईत न्हाई.” त्या डॉक्टरांनी दमा धरून तोंडात ओढायचा पंप दिला.

आता पंप दाबायचा तर बोटात जोर पाहिजे. आक्काची बोटं पेरूचा देठसुद्धा मोडू शकत नव्हती. बोटं गोरक्षची, श्वास कल्याणचा. दोन दिवस पंप खिडकीत पडून राहिला. मग सुनांनी आपसात काहीतरी ठरवलं असावं, कारण तिसऱ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ आईच्या खोलीत समोरासमोर उभे होते. कल्याण म्हणायचा, “आये, श्वास सोड. आता वढ.” आणि ‘वढ’ म्हटलं की गोरक्षने पंप दाबायचा. पण भावाच्या हुकुमावर दाबणं त्याला कमीपणाचं, म्हणून तो जरा थांबून, आपल्या मर्जीने दाबल्यासारखं दाबायचा. तोवर आक्काचा श्वास ओढून झालेला असायचा. औषध सगळं तिच्या नाकावर. सकाळ-संध्याकाळ हा कार्यक्रम चालायचा आणि मी ओट्यावर तांदूळ निवडत बघायचे. मला हसू यायचं, खोटं का बोलू. आक्कालाही यायचं. हसली की तिला ढास लागायची आणि ढास थांबेपर्यंत ओठ जांभळे व्हायचे.

ते ओठ बघून एक दिवस माझं हसू गेलं. मी कल्याणला म्हटलं, “हिला आजच्या आज नगरला ने. नाहीतर मी नेते आणि गावभर सांगते.” तो नेहमीप्रमाणे भिंतीकडे बघायला लागला, पण नेलं त्याने, आणि मीही सोबत गेले.

नगरच्या छातीच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग कल्याणच्या चपलेचा चिकटपट्टा उघडून दाखवला. चर्रर्र. “दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी असा आवाज येतोय,” ते म्हणाले. छातीचा स्कॅन काढला. पडद्यावर फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरं जाळं दिसत होतं. डॉक्टरांनी आक्काची बोटं हातात घेतली, नखं बघितली आणि विचारलं, “सांध्यांचा आजार किती वर्षं?”

“ते थोरल्याकडं...” कल्याणने सुरू केलं.

“ऐका,” डॉक्टर म्हणाले. “हा दमा नाही. सांध्यांचा जो आजार आहे तोच फुप्फुसात शिरलाय. आजार दोन नाहीत, एकच आहे. फुप्फुस आतून घट्ट होत चाललंय. सांध्यांच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत ते मला बघायलाच पाहिजे. एखाद्या गोळीचाही त्रास असू शकतो. आपल्या मनाने काही बंद करू नका, सगळ्या गोळ्या घेऊन परवा या. मी त्या डॉक्टरांशी बोलतो. यात उशीर चालत नाही. घट्ट झालेला भाग परत मऊ होत नाही.”

मी उशीर हा शब्द ऐकला. आक्कानेही ऐकला. कल्याणने मात्र ‘एकच आजार’ एवढंच ऐकलं, आणि त्याच्या तोंडावर असा आनंद पसरला की डॉक्टर चपापले. आईला असला रोग निघाल्यावर हसणारा मुलगा त्यांनी बहुधा पहिल्यांदाच बघितला.

गावात शिरता शिरताच तो मोठ्याने म्हणाला, “खोकला दादाचा निघाला.”

गोरक्षने गोळ्या द्यायला साफ नकार दिला. गोळ्या त्याच्या, सांध्यांच्या. त्या धाकट्याच्या हातात दिल्या म्हणजे खोकला आपला आहे असं कबूल केल्यासारखं होईल. परवाचा दिवस गेला. मग मामा यायचा म्हणून एक दिवस, मामा आला पण त्याला लग्नाला जायचं होतं म्हणून दुसरा. आक्का आता बसूनच झोपायची. आडवं झालं की खोकला उठे.

बैठक मारुतीच्या पारावर भरली. आक्काला खुर्ची दिली. कल्याणने बाजू मांडली, “पानी त्याच्या वावरातलं, पाझरलं माझ्या वावरात. नुकसान कुनी भरायचं?”

गोरक्ष म्हणाला, “बांधावरच्या झाडाची फांदी ज्याच्या रानात झुकली, सावली त्याची. सांध्यांचं मी बघतो हाय. तिकडं गेलं ते त्याचं.”

दोन्ही बाजूंना माना डोलल्या. मामाने विचारलं, “खोकला सुका का वला?” सुका आहे म्हटल्यावर तो पुन्हा विचारात पडला. मग कुणीतरी शंका काढली की बरगड्या पाठीच्या कण्याला जिथे जुळतात तिथे सांधे असतात की नाही? असतात. म्हणजे छातीतही थोरल्याचा हिस्सा निघाला. यावर पारावरचा एक म्हातारा म्हणाला, “मंजी पिंजरा थोरल्याचा आन् पोपट धाकट्याचा.” हे सगळ्यांना पटलं, पण पोपट आजारी पडला तर पिंजरेवाल्याने काय करायचं, इथे गाडं पुन्हा अडलं.

“मोजनी आना,” गोरक्ष म्हणाला. “सरकारी मोजनी असती तशी. हद्द कुठं हाय ते कळू द्या.”

मोजणी कुठून आणणार, म्हणून स्कॅनची फिल्म आणली. मामाने ती उन्हाला धरली. सगळा पार उठला आणि तिच्याभोवती गोळा झाला. आधी उलटी धरली होती, मग सुलटी केली. कुणी बोटाने दाखवलं, “ह्यो बांध.” दुसरा म्हणाला, “ती बरगडी हाय, बांध ह्यो हिकडं.” मामा डोळे बारीक करून त्या पांढऱ्या जाळ्यावर बोट फिरवत म्हणाला, “पाझर हितून सुरू झालाय बघा.” इतकी माणसं आक्काच्या छातीत डोकावत होती आणि खुर्चीवरच्या आक्काकडे एकाचंही लक्ष नव्हतं. ती दोनदा काही बोलायला गेली. दोन्ही वेळा ढास लागली आणि दोन्ही वेळा मामा म्हणाला, “थांब गं जरा, तुझंच चाललंय.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते दुःखाने नाही, संतापाने आलं. मी उठणार होते. पण माझ्या आधी आक्का उठली.

ती गर्दीत शिरली, मामाच्या हातातून फिल्म घेतली. त्या वाकड्या बोटांनी तिला ती धड धरता येईना, म्हणून काखेत मारली. मग एकेक पाऊल टाकत, थांबत, घराकडे गेली. आधी गोरक्षच्या दारात. कपाटातल्या गोळ्यांचा डबा काढून पिशवीत टाकला. मग कल्याणच्या दारात. पंप, औषधाच्या बाटल्या, सगळं पिशवीत. दोघे मागे मागे येत होते, पण आईला अडवायचं कुणाच्या हिश्शात येतं ते ठरत नसल्यामुळे कुणी अडवलं नाही.

“मुक्ते,” ती मला म्हणाली, “पेरूचा टेम्पो... नगरला जातो का... बघ.”

टेम्पो निघायच्याच बेतात होता. ड्रायव्हरने आम्हाला पुढे बसवलं. मागे दोन मोटारसायकली निघाल्या, एकमेकींपासून अंतर ठेवून. दोघांनी एका गाडीवर बसायचं म्हणजे पुढे कोण बसणार हा प्रश्न होताच.

राहाता मागे पडल्यावर आक्का बोलायला लागली. चार शब्द, मग थांबायची, मग चार शब्द. तिने मला सांगितलं की खोकला तिला कल्याणला कळण्याच्या कितीतरी आधीपासून होता. ती तो दाबायची. कल्याणच्या वाट्याला काहीच दुखणं नव्हतं, त्याला एकदम जड झालं तर तो बिथरेल, असं तिला वाटायचं. मग खोकला उघडा पडला आणि कल्याणचं पारडं जड झालं, तेव्हा ती गुडघे बरे असतानाही गोरक्षपुढे कण्हायची. “सारखं वाटायचं... एकाच्या पदरात जास्त पडू नये.”

मी तिचे हात माझ्या मांडीवर घेतले आणि बाहेर बघत बसले. मला या बाईचा फार राग आला होता आणि तिच्यावर माझा फार जीव आहे.

नगरला डॉक्टरांनी डबा उघडून गोळ्या बघितल्या, राहात्याच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघे बराच वेळ बोलले. इतक्या महिन्यांत आक्काच्या सांध्यांची आणि छातीची पहिल्यांदाच गाठ पडत होती. एक गोळी बंद झाली, दोन नव्या सुरू झाल्या. तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला तर वाकड्या बोटावर तो बसेना, शेवटी कानाच्या पाळीला लावला. आकडा बघून डॉक्टर म्हणाले, घरी ऑक्सिजनचं यंत्र लागेल.

मग ते म्हणाले, “आजी, जेवढं फुप्फुस घट्ट झालंय ते परत येणार नाही. पण जे चांगलं आहे ते टिकवायचा प्रयत्न करू. औषध बरेच दिवस घ्यावं लागेल.”

“किती ऱ्हायलंय?” आक्काने विचारलं.

“निम्म्याच्या थोडं वर.” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही आधी का नाही आलात? गावापासून काही फार लांब नाही.”

याचं उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण परक्या माणसासमोर ते सांगायचं म्हणजे सगळ्या पुणतांब्याची मान खाली घालायची. मी म्हटलं, कामाचे दिवस होते.

बाहेर दोघे भाऊ दोन बाकांवर बसले होते. आम्हाला बघून उठले. “सांध्याचं काय म्हनले?” गोरक्षने विचारलं. “आन् छातीचं?” कल्याणने विचारलं.

आक्का दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. श्वास जमवला. तिला घाई नव्हती.

“गेलं ते तुमी दोगं... वाटून घ्या,” ती म्हणाली. “ऱ्हायलंय ते माझं हाय. त्याला कुनी हात लावायचा न्हाई.”

कल्याण खाली बघून रडायला लागला, मग गोरक्षही. आक्का पायऱ्यांकडे वळली तसे दोघे एकदम पुढे धावले, पण तिचा कुठला हात कुणी धरायचा हे त्यांचं ठरेना. तोवर ती कठडा धरून, दर पायरीला थांबत, खाली उतरून गेली होती.